हातातलं आणि हाताबाहेरचं

तालुक्याच्या महाविद्यालयात मी अनेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. बी.ए.च्या वर्गात स्टोइक विचारवंत आले की मलाच हुरूप यायचा. त्यातला एपिक्टेटस माझ्या विशेष जवळचा. तो जन्माने गुलाम आणि पायाने अधू होता. मालकाच्या घरी राबत असतानाच शिकला, पुढे गुलामीतून सुटला आणि रोममध्ये शिकवू लागला. डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकलून दिलं, तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. त्याने स्वतः काही लिहून ठेवलं नाही. आपल्या हाती आहे ते एरियन या त्याच्या शिष्याने उतरवून घेतलेलं आहे. त्या शिकवणीची सुरुवात अगदी सरळ आहे. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपली मतं, आपली इच्छा, आपला नकार हे आपलं. शरीर, पैसा, मानमरातब आणि दुसऱ्यांचं वागणं हे हाताबाहेरचं. जे हाताबाहेरचं आहे त्यासाठी जीव टांगणीला लावू नये, एवढं ज्याला साधलं त्याला कुणी गुलाम करू शकत नाही.

हे मी नुसतं शिकवलं नाही, त्यावर जगले. आमचा माणदेश पावसाच्या आशेवर जगणारा. एका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची, दुसऱ्यात चारा छावणीत जनावरं बांधायची, आणि वर्गातली हुशार मुलं बारावीनंतर पुण्या-मुंबईला नाहीतर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात दूर कुठेतरी निघून जाताना बघायची. बातम्या लावाव्यात तर आरडाओरडा, गावात निवडणूक आली की सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. अशा दिवसांत डोकं शांत ठेवून, कुणाचं वाईट न चिंतता, आपलं काम चोख करून जगणं हेच शहाणपण आणि हाच सदाचार, असं माझं पक्कं मत होतं. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तीही मी वर्गात एपिक्टेटसच्या जोडीला घ्यायची. स्थितप्रज्ञाची लक्षणं आणि स्टोइकांचा शहाणा माणूस फळ्यावर शेजारी शेजारी लिहायची. मुलांना ते आवडायचं. पुढे आयुष्यात वाईट प्रसंग आला तेव्हा तुमचा तो तास आठवला, असं सांगणारी पत्रं मला आली आहेत. म्हणून त्या शिकवणीला मी खोटं म्हणणार नाही. माणसाला बुडू न देण्याची ताकद तिच्यात आहे.

पण त्या शिकवणीतून मी जगण्याची जी रीत काढली होती, ती आता मला मान्य नाही. हा बदल कसा झाला ते जमेल तितकं खरं सांगायचं आहे.

2021 च्या दुसऱ्या लाटेत माझा धाकटा दीर गेला. दक्षिणेत त्याचं गलाईचं दुकान होतं. टाळेबंदीत ते बंद पडलं म्हणून तो कुटुंबाला घेऊन गावी आला होता. ऑक्सिजन लागला, खाट मिळाली तीही उशिरा, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मृतदेह घरी आला नाही. नगरपालिकेच्या माणसांनीच अंत्यविधी उरकला. त्यामुळे एरवी घरातून तिरडी उठताना जे होतं, ते दहाव्याला परसात झालं. भावकीतल्या तीनचार बायका आल्या. माझ्या धाकट्या जावेला मधे बसवलं, कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, जोडवी काढली, मंगळसूत्र तोडलं. ती तेव्हा चाळिशीचीही नव्हती. हा विधी मी लहानपणापासून पाहत आले होते आणि मला तो कधीच पटला नव्हता. पण प्रथा हाताबाहेरची, आपलं मत हातातलं, या हिशेबाने मी उंबऱ्याशी उभी राहिले. तिथे असलेल्या सगळ्यांत शिकलेली बाई मीच होते.

सगळ्या बायका गेल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि मला जे येत होतं ते बोलले. म्हटलं, "या सगळ्या बाहेरच्या गोष्टी आहेत गं. कुंकू, बांगड्या, यांनी तुझ्या मनाला काही होत नाही. मन तुझं आहे."

ती म्हणाली, "बाहेरच्याच हैत न्हवं ताई? मग तुमीबी काढून ठेवा की चार दिस, माझ्यासंगं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. बाहेरच्या गोष्टींना काही किंमत नाही असं ताई म्हणते, तर ताईला त्या काढून ठेवायला जड जाणार नाही, इतका तो साधा विचार होता. मी काढल्या नाहीत. सासूबाई काय म्हणतील, नवऱ्याला काय वाटेल, घरातली नात काय विचारेल, हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. म्हणजे त्या वस्तूंना किंमत होती. तिची गेलेली मी क्षुल्लक म्हणत होते आणि माझी असलेली सोडायला तयार नव्हते.

या एका प्रश्नावर मी पुढचे कित्येक महिने विचार केला. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी. गुलाम एपिक्टेटस जेव्हा म्हणतो की माझं शरीर बांधाल, माझा निश्चय बांधता येणार नाही, तेव्हा तो स्वतःबद्दल बोलत असतो. साखळी त्याच्या पायात आहे, त्यामुळे साखळीला तुच्छ मानायचा अधिकारही त्याचा आहे. तेच वाक्य उंबऱ्याशी उभ्या असलेल्या माणसाने परसात बसलेल्या माणसाला ऐकवलं की त्याचा अर्थ पार बदलतो. मग ते धीर देणं राहत नाही, आपण काही करणार नाही याची आधीच दिलेली सूचना होते. सहन करण्याचं तत्त्वज्ञान ज्याचं त्यानेच स्वीकारावं लागतं. दुसऱ्याच्या दुःखावर ते घालण्याचा अधिकार कुणालाही नाही. विठोबाच्या देवळात कीर्तन ऐकून घरी आलेला सावकार कुळाला वैराग्य सांगू लागला, तर त्याला आपण काय म्हणू?

दुसरी गोष्ट कळायला जास्त वेळ लागला आणि ती मला इतिहासातून मिळाली. सेवानिवृत्तीनंतर वेळ होता. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी महर्षी कर्व्यांचं 'आत्मवृत्त' आणलं. 1915 मधलं हे पुस्तक नावाने सगळ्यांना ठाऊक असतं, वाचलेलं फार थोड्यांनी असतं. त्याच्या जोडीला आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' आणि पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' वाचली. तिन्ही पुस्तकं एकाच गोष्टीबद्दल, विधवेच्या वाट्याला येणाऱ्या जगण्याबद्दल, आहेत, आणि त्यांतल्या दोन बायकांनी ती गोष्ट स्वतःच्या अंगावर भोगलेली आहे.

अण्णासाहेब कर्व्यांची माझ्या मनातली प्रतिमा शंभरी गाठलेल्या, 'भारतरत्न' मिळालेल्या, टपाल तिकिटावरच्या म्हाताऱ्याची होती. पुस्तकात भेटला तो वेगळाच माणूस. बुजरा, चारचौघांत बोलायला कचरणारा, मुरुडसारख्या कोकणातल्या गावचा गणिताचा शिक्षक. त्यांना भाषण करून सभा जिंकता येत नव्हती. आगरकरांची धार त्यांच्या लेखणीला नव्हती. 1891 मध्ये पहिली पत्नी गेली, आणि 1893 मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. विधुराने कुमारिकेशी लग्न करणं त्या काळी अगदी सहज होतं. तेवढं केलं असतं तर कर्व्यांना कुणी बोललंही नसतं आणि विधवांच्या स्थितीबद्दल हळहळणारा सज्जन प्राध्यापक म्हणून त्यांचा लौकिकही राहिला असता.

लग्नानंतर ते मुरुडला गेले तेव्हा गावाने बहिष्कार घातला. हे तेच गाव, ज्याच्या भल्यासाठी त्यांनी 'मुरुड फंड' उभारला होता. त्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार पडायचा होता. म्हणजे आई आणि भाऊ दोन्हीकडून कात्रीत. हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं. कारण माझं जुनं शहाणपण इथे बरोबर उलटा सल्ला देतं. गावाचं मत हाताबाहेरचं, आईला होणारा त्रास मात्र तुझ्या कृतीने होणारा, म्हणजे हातातला. मग थांब. मन स्वच्छ ठेव आणि थांब. थांबायला किती चांगली कारणं असतात आणि ती सगळी किती सुसंस्कृत असतात! कर्वे थांबले नाहीत. ते गावावर उलटूनही गेले नाहीत. आईचा जीव दुखावला याचं त्यांना वाईट वाटत राहिलं आणि काम चालू राहिलं. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. 1900 मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडीत आश्रम गेला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि मग हिंगण्याची वाट पायी तुडवायची. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असायची. 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेही एका लहानशा पुस्तिकेने सुचलं. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती असलेली ती पुस्तिका त्यांच्या हाती आली होती.

कर्व्यांवर जे आक्षेप घेतले जातात ते मला ठाऊक आहेत आणि ते खरे आहेत. आश्रमाचं काम आणि विधवाविवाहाचं काम त्यांनी वेगळं ठेवलं, कारण दोन्ही एकत्र केली तर लोक मुली पाठवणार नाहीत, वर्गणी देणार नाहीत. सुधारकांना ही तडजोड वाटली. आश्रमाची सुरुवातही मुख्यतः पांढरपेशा जातींतल्या विधवांपुरतीच होती. त्यांच्या आधी तीस वर्षांहून जास्त, 1863 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसलेल्या, टाकलेल्या विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल मारू नये, यासाठी. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचं नाव यशवंत. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. रोगी आणता आणता त्यांनाच प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. 2021 मध्ये आमच्या घरात साथीने माणूस गेल्यावर हे वाचलं तेव्हा ते इतिहासातलं राहिलं नाही. साथ हाताबाहेरची होती, हे सावित्रीबाईंना कळत नव्हतं असं थोडंच आहे?

मला सगळ्यांत जास्त हलवलं ते मात्र या मोठ्या माणसांपैकी कुणी नाही. 1890 च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. लोखंडे सत्यशोधक, गिरणी कामगारांची संघटना बांधणारे. ही घटना मी पूर्वी वाचली होती, पण कामगार चळवळीतला एक प्रसंग म्हणून. आता ती वाचताना परसातला तो दहावा आठवला. केशवपन ही प्रथा. शास्त्राचा आधार, समाजाचा दबाव, घरच्या म्हाताऱ्यांचा धाक, पिढ्यान् पिढ्यांची सवय, हे सगळं तिच्या मागे उभं. यातलं काय एका गरीब नाभिकाच्या हातात होतं? काहीही नाही. पण या सगळ्याच्या शेवटच्या टोकाला वस्तरा होता आणि तो त्याच्या हातात होता. प्रथा कितीही मोठी असली तरी तिला स्वतःचे हात नसतात. दर वेळी ती कुणाचे तरी हात मागून घेते. त्या माणसांनी ते द्यायचे नाकारले. त्यात त्यांची मजुरी बुडत होती.

माझ्या जावेच्या बांगड्या शास्त्राने फोडल्या नव्हत्या. भावकीतल्या दोन बायकांनी फोडल्या. त्यांची नावं मला माहीत आहेत, त्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जाते. त्यांच्याशी आदल्या दिवशी बोलता आलं असतं. सासूबाईंशी बोलता आलं असतं. त्या स्वतः सोळा-सतरा वर्षांच्या असताना त्यांच्या धाकट्या बहिणीला यातून जाताना त्यांनी पाहिलं होतं, हे मला ठाऊक होतं. कदाचित त्यांनी ऐकलंही नसतं. पण आपल्या हातात किती आहे हे मी विचारून, बोलून, धडपडून ठरवलंच नव्हतं. घरात बसून आधीच ठरवून टाकलं होतं. माझं मत बदललं ते इथे. हातातलं आणि हाताबाहेरचं यांच्यामधली रेघ कुणी ओढून दिलेली नसते. हात घातल्याशिवाय ती कुठे आहे ते कळतच नाही, आणि जो हात घालतो त्याच्यापासून ती दर वेळी थोडी लांब सरकते. पार्वतीबाई आठवले आनंदीबाईंच्या सख्ख्या बहीण. ऐन विशीत विधवा झालेल्या, केशवपन केलेल्या, मोठेपणी लिहाय-वाचायला शिकलेल्या. पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करू लागल्या आणि नंतर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे पोटासाठी लोकांच्या घरी कामं केली. देवरुखच्या त्या विधवेला पहिल्या दिवशी कुणी विचारलं असतं की बाई, तुमच्या हातात काय आहे, तर तिने काय सांगितलं असतं?

मग मी एपिक्टेटसकडे परत गेले. आम्ही वर्गात त्याची छोटी पुस्तिका शिकवत असू, आणि तिचं पहिलं प्रकरण परीक्षेला हमखास यायचं. मोठी प्रवचनं मी कधीतरी तरुणपणी वाचलेली. त्यांच्या दुसऱ्या खंडातल्या दहाव्या प्रकरणात तो सांगतो की तू कोण आहेस ते आधी बघ. माणूस आहेस, जगाचा नागरिक आहेस, कुणाचा मुलगा आहेस, कुणाचा भाऊ आहेस, आणि यातल्या प्रत्येक नात्याबरोबर काही करणं आलं. म्हणजे जाऊ असणं यातही करणं आलं. त्याचा वाचक मार्कस ऑरेलियस रोमचा बादशहा होता. त्याच्या राज्यात साथ पसरली होती, डॅन्यूबच्या काठी वर्षानुवर्षं लढाया चालू होत्या, आणि त्याची बरीच मुलं लहानपणीच गेली. छावणीत बसून त्याने स्वतःसाठी टिपणं लिहिली ती मन सांभाळायला. पण सकाळ झाली की तो कामाला बसत असे, आणि सगळ्यांच्या भल्यासाठी काम करणं हा माणसाचा स्वभावच आहे, असं त्या टिपणांत पुन्हा पुन्हा येतं. मी त्यातला शांततेचा भाग उचलला आणि कामाचा भाग सोडून दिला. गीतेचंही तेच केलं. रणांगणातून निघून जाऊ पाहणाऱ्याला थांबवण्यासाठी जे सांगितलं गेलं, त्यातून मी बाजूला उभं राहण्याची परवानगी काढली.

4 मे 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. कोविडमध्ये घरोघरी तरुण बायका विधवा झाल्या होत्या, त्यांचं दुःख गावाने पाहिलं होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पुढे आमच्याही ग्रामसभेत हा विषय आला. मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत उठून बोलले. ठराव झाला. हात वर झाले त्यांत पुरुषांचे जास्त होते आणि वयस्कर विधवांचे फार थोडे.

ते मला आधी खटकलं. नंतर त्यांच्यापैकी एका आजींकडे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमचं समदं आयुष्य गेलं त्यात. आता तुमी म्हणता ते चुकीचं हुतं. मग आमी कशापायी सोसलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. ज्याने सोसलं आहे त्याला ते सोसणं फुकट गेलं असं सांगणं सोपं नसतं. मी त्यांच्याकडे जात राहिले. ठराव योग्यच आहे असं मी त्यांना पटवायला गेले नाही, नुसती बसायला जात असे. पुढे एका मयताच्या घरी त्या स्वतःच म्हणाल्या, राहू द्या पोरीच्या बांगड्या. दुसऱ्या एका घरी मात्र त्या मुलीलाच मंगळसूत्र नको होतं. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याची खूण तिला गळ्यात ठेवायची नव्हती. तिने ते आपल्या हाताने काढून डब्यात ठेवलं. तिथेही काही बायकांना वाटलं की ठरावाच्या विरुद्ध होतंय. मी म्हटलं, तिच्या गळ्यातलं आहे, तिला ठरवू द्या. प्रत्येक घरी नव्याने विचार करावा लागतो. शांत राहण्याचं माझं जुनं शिक्षण अशा वेळी फार उपयोगी पडतं, हे मला मान्य केलं पाहिजे. रडारड, आरोप, जुनी भांडणं यांच्यामधे उभं राहून आवाज न चढवता बोलायला मन ताब्यात असावं लागतं.

माझ्या जावेने कुंकू पुन्हा लावलं नाही. टिकली लावते, ती तिच्या आवडीची. बांगड्या मात्र घालते. आमच्यात त्या दिवसाबद्दल नंतर एकदाच बोलणं झालं, आणि ते आमच्या दोघींपुरतं राहू दे.

पण आमच्या घरात खरी ओढाताण झाली ती कुंकवावरून नाही, सातबाऱ्यावरून. दिराच्या हिश्शाची जमीन होती. घरातली माणसं चांगली. कुणाला तिचं काही घ्यायचं नव्हतं. तरीही तिचं नाव लावायचा विषय निघाला की, घाई काय आहे, मुलगा मोठा झाला की त्याचंच लावू, असं ऐकू यायचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. मुलगा, मुलगी आणि सासू यांच्याबरोबरीने तिचा हिस्सा आहे. कायद्यात हे इतकी वर्षं आहे आणि गावागावांत उताऱ्यावर नाही. बांगड्या न फोडण्यात घरच्यांचं काही जात नाही, म्हणून ठरावाला हात वर होतात. जमिनीच्या वेळी ते हात इतक्या झटकन वर होत नाहीत. या वेळी मी उंबऱ्याशी उभी राहिले नाही. नवऱ्याशी बोलले, सासूबाईंशी बोलले. काही दिवस घरात ताण राहिला. माझ्याबद्दल भावकीत जे बोललं गेलं ते माझ्या कानावर आलं, आणि लोकांचं मत हाताबाहेरचं असतं हे एपिक्टेटसचं म्हणणं तेव्हा मला पहिल्यांदा योग्य जागी लागू पडलं. आज उताऱ्यावर तिचं आणि तिच्या दोन्ही मुलांचं नाव आहे. तिची मुलगीही त्यात आहे.

जग बिघडलंय असं आपण सगळेच म्हणतो. ते खोटं नाही. पाऊस, साथ, बाजारभाव, सत्ता यांपुढे साधा माणूस काय करणार, हा प्रश्नही खराच आहे. आणि मन शांत ठेवण्याचे मार्ग शिकवणाऱ्या पुस्तकांना, शिबिरांना, मोबाइलवरच्या व्याख्यानांना आज जो श्रोता मिळतो तो उगीच मिळत नाही, माणसं खरोखर थकलेली आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः रोज सकाळी अजूनही मार्कसची एखाददुसरी नोंद वाचते. पण शांत झालेलं मन घेऊन आपण कुठे जातो, कुणाच्या घरी जातो, तिथे कशाला हात लावतो आणि कशाला लावायचं नाकारतो, यावर मी आता माणसाचा चांगुलपणा तोलते. स्वतःचाही.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी एखादी बाई विधवा झाली तर दहाव्याची वाट पाहू नका. त्याच्या आधीच घरातल्या थोरल्या बायकांशी बोला, आणि तिला काय हवं आहे ते तिलाच विचारा. मग तिच्याबरोबर तलाठी कार्यालयात जा. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि वारस नोंदीचा अर्ज लागतो. फेरफार पडतो, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो.